उद्याच्या वर्गाची वही

रात्रीचे दहा वाजलेले असतात. मागची आवराआवर झालेली, घर झोपायच्या तयारीत. सकाळी सहाला सोसायटीच्या सभागृहात योगवर्ग आहे, म्हणून तुम्ही वही उघडून आसनांची नावं लिहायला बसता. ताडासन, वृक्षासन, त्रिकोणासन, वीरभद्रासन... यादी अठरापर्यंत जाते, तरी काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. सकाळी बारा जण येतात. त्यांतल्या दोघी अगदी नवीन, एका काकांचा गुडघा रात्रभर ठणकलेला, एका ताईंचा चतुर्थीचा उपास. सातव्या आसनापर्यंतच पन्नास मिनिटं संपतात. प्राणायाम घाईत उरकतो, शवासन दोन मिनिटांत आटोपावं लागतं. घरी परतताना मनात येतं, आपल्याला अजून नीट शिकवता येत नाही.

अशा याद्या मीही कित्येक वर्षं केल्या. त्या पुऱ्या होत नसत, त्याचा दोष मी स्वतःला देत असे. खरी अडचण शिकवण्यात नव्हती, लिहायला बसतानाच्या पहिल्या प्रश्नात होती. ‘उद्या काय घेऊ?’ असं विचारलं की हाताशी येतात आसनांची नावं. ‘उद्या समोर कोण असेल?’ असं विचारलं की निम्मी आखणी आपोआप होते. ही वही वेगळ्या पद्धतीनं कशी लिहावी, तेच या लेखात सांगायचं आहे.

आधी माणसं, मग आसनं

नवा साधक आला की नाव, वय आणि फोन नंबर लिहून घेतला जातो. पुढे आपण विचारतो, “काही त्रास आहे का?” आपल्याकडच्या काकू-काकांचं ठरलेलं उत्तर येतं, “नाही हो, तसं काही नाही.” ते खोटं बोलत नसतात. रोजच्या दुखण्याला त्यांनी त्रास म्हणणं सोडून दिलेलं असतं. म्हणून प्रश्न रोजच्या हालचालींचे विचारा. जिना उतरताना कठडा धरावा लागतो का? जमिनीवर बसून उठताना हात टेकावे लागतात का? मांडी घालून किती वेळ बसता येतं? आडवं झाल्यावर किंवा एकदम उठल्यावर गरगरतं का? आणि सगळ्यांत उपयोगी प्रश्न : रोजची कुठली गोळी चालू आहे? “बीपी नाही मला” म्हणणारे काका “सकाळची बीपीची एक गोळी असते तेवढी” असं सहज सांगून जातात. डोळ्यांचं, पोटाचं, मणक्याचं किंवा गुडघ्याचं ऑपरेशन झालंय का आणि केव्हा, हेही विचारा.

या माहितीवरून प्रत्येकाच्या नावापुढे एकच ओळ लिहा, तीही ‘काय टाळायचं’ एवढीच. रक्तदाब जास्त असेल तर डोकं खाली जाणाऱ्या स्थिती, श्वास रोखून धरणं आणि जोरकस श्वसन टाळायचं. काचबिंदू असेल तर सर्वांगासन, शीर्षासन आणि डोकं बराच वेळ खाली राहील असं काहीही नको. हाडं ठिसूळ झाली असतील तर पाठीला बाक काढून पुढे वाकणं आणि जोराचा पीळ नको. मणक्याची चकती सरकलेली असेल तर पुढे वाकण्याची आसनं डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय देऊ नयेत. मानेचा स्पाँडिलोसिस असेल तर सर्वांगासन आणि मत्स्यासन वगळायचं. हर्निया किंवा पोटाची ताजी शस्त्रक्रिया असेल तर पोटावर दाब आणणारं काही नको. गर्भवती साधिकेसाठी वेगळा वर्ग आणि वेगळं प्रशिक्षण लागतं. ते आपल्याकडे नसेल तर तसं स्पष्ट सांगून तिला जाणकाराकडे पाठवावं.

पंधरा जणांच्या वर्गाचं हे टिपण एका पानात मावतं. पुढची सगळी आखणी ते पान समोर ठेवून करायची. वर्गात उभं राहिल्यावर जो आत्मविश्वास वाटतो, त्याचा मोठा भाग या एका पानातून येतो. कुणाला काय सांभाळायचं हे ठाऊक असलं की शिक्षकाच्या आवाजातली धाकधूक कमी होते.

एका तासाला एकच हेतू

आता वहीत सर्वांत वर एक वाक्य लिहा. आज वर्गातून जाताना साधकाला शरीरात किंवा श्वासात कोणता फरक जाणवला पाहिजे? ‘आरोग्य सुधारणे’ हा एका तासाचा हेतू होऊ शकत नाही. ‘दिवसभर खुर्चीत बसून आखडलेला कमरेचा आणि जांघेचा भाग मोकळा होणे’ हा होतो. ‘एका पायावर न डगमगता उभं राहणे’, ‘उच्छ्वास श्वासापेक्षा लांब करता येणे’, ‘जमिनीवरून हात न टेकता उठण्याच्या दिशेनं एक पाऊल’ हेही चांगले हेतू आहेत.

हेतू लिहिला की निवड सोपी होते. यादीतल्या प्रत्येक आसनाला विचारायचं, तू या वाक्यासाठी काय करतंस? उत्तर मिळालं नाही तर ते आसन वाईट ठरत नाही, त्याचा दिवस दुसरा असतो. नव्या शिक्षकाला आसनं गाळताना साधकांना कमी दिल्यासारखं वाटतं. साधकाला मात्र सहा आसनं नीट जमली की जास्त मिळाल्यासारखं वाटतं. मुंबईत १९१८ मध्ये द योगा इन्स्टिट्यूट स्थापन करणारे श्रीयोगेंद्र यांनी योगाभ्यास संसारी माणसाला झेपेल असा सोपा करण्यासाठी आयुष्य वेचलं. आपल्या वर्गात येतात तीही घरसंसार, नोकरी आणि दुखणीखुपणी सांभाळून आलेलीच माणसं असतात. त्यांच्या एका तासावर अठरा आसनांचं ओझं नको.

शवासनापासून मागे मोजा

साठ मिनिटांच्या वर्गाचा हिशेब आपण सहसा प्रार्थनेपासून मांडायला लागतो आणि शेवटी उरेल तेवढं शवासनाला देतो. उलटं करून पाहा. आधी शवासनाची ८ मिनिटं बाजूला काढून ठेवा. त्याच्या मागे प्राणायामाची ८ मिनिटं. शवासनातून उठणं, शांतिपाठ आणि एखादी शंका यांसाठी ४ मिनिटं. सुरुवातीला स्थिर बसणं, ओंकार आणि श्वासाकडे लक्ष यांसाठी ५ मिनिटं. पूरक हालचालींना १० मिनिटं. आसनांसाठी उरतात २५ मिनिटं.

या २५ मिनिटांत किती आसनं बसतात? एक आसन दाखवून समजावायला साधारण मिनिटभर लागतं. साधक ते एकदा करतात, विसावतात, आपण एखादी दुरुस्ती सांगतो, ते पुन्हा करतात आणि पुन्हा विसावतात. झाली ३ मिनिटं. उजवी-डावी बाजू असलेल्या आसनाला ४ ते ५ मिनिटं लागतात. म्हणजे आसनं सहा किंवा सात, त्याहून जास्त नाहीत. हा साधा भागाकार एकदा कागदावर केला की अठरा आसनांची यादी पुन्हा लिहावीशी वाटत नाही.

सूर्यनमस्कार घेणार असाल तर तेही याच २५ मिनिटांतून वजा करा. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांमधून ज्यांचा प्रसार केला, त्या सूर्यनमस्कारांत पुढे वाकणं, मागे वळणं, हातांवर भार घेणं असं सगळंच येतं. सावकाश घातलेले बारा नमस्कार दम सावरण्याच्या वेळेसकट १५ मिनिटं तरी घेतात. त्या दिवशी पुढे दोन किंवा तीनच आसनं ठेवावीत, तीही बसून किंवा झोपून करायची.

क्रमाला कारण हवं

दंडस्थिती, बैठकस्थिती, विपरीत शयनस्थिती आणि शयनस्थिती, म्हणजे उभ्यानं, बसून, पोटावर आणि पाठीवर झोपून, हा क्रम अनेक वर्गांत चालतो. तो सोयीचा आहे, कारण साधकाला सारखं उठबस करावं लागत नाही. ज्येष्ठांच्या वर्गात तर प्रत्येक उठबशीची किंमत मोजावी लागते; जमिनीवर गेलेला साधक पुन्हा उभा राहून परत खाली बसणार असेल, तर त्यातच त्याची शक्ती खर्च होते. पण हा क्रम पाठ असणं वेगळं आणि प्रत्येक आसन तिथेच का आहे हे सांगता येणं वेगळं. आखणी झाली की बोट ठेवून स्वतःला विचारायचं : हे आधी का? ते नंतर का?

आखडलेली कंबर आणि जांघ मोकळी करण्याचा हेतू घेऊन एक आखणी करून पाहू. पूरक हालचालींत मान, खांदे आणि घोटे, आणि गुडघ्या-हातांवर येऊन मार्जारासनातली पाठीची वर-खाली हालचाल, श्वासाच्या लयीत आठ वेळा. ती मणक्याला पुढच्या कामाची सूचना देते.

मग ताडासन, ३ मिनिटं. पावलांवरचा भार आणि कण्याची उभी लांबी इथे समजते. वीरभद्रासनाचा पहिला प्रकार, पावलांतलं अंतर कमी ठेवून, ५ मिनिटं. मागच्या पायाच्या जांघेवर ताण येतो, तोच आजचा मुख्य भाग. आता जमिनीवर. भुजंगासन ३ मिनिटं, कोपर दुमडलेले आणि खांदे कानांपासून दूर. एकपाद शलभासन दोन्ही बाजूंनी ४ मिनिटं; नुसता ताण देऊन भागत नाही, कमरेमागच्या स्नायूंना बळही हवं. मकरासनात एक मिनिट विश्रांती. मग पाठीवर येऊन सेतुबंधासन ३ मिनिटं, म्हणजे जांघ पुन्हा उघडते, पण आता पावलांचा आधार आहे. त्यानंतर पाठीवरच गुडघे दुमडून एकेका बाजूला हलका पीळ, ४ मिनिटं. शेवटी पवनमुक्तासन २ मिनिटं. बेरीज केली तर बरोबर २५ होतात.

सेतुबंधासनानंतर लगेच पश्चिमोत्तानासन ठेवलेलं नाही, हे लक्षात घ्या. पाठ मागे वळवून झाली की तिला एकदम पुढे खेचायचं नाही. आधी सरळ स्थितीत विसावा, मग सौम्य पीळ, मग गुडघे पोटाशी. मागे वळण्याच्या आसनाला पूरक आसन द्यायचं, पण दोघांच्या मध्ये श्वास घ्यायला जागा ठेवायची. सर्वांगासनासारखं आसन घेत असाल तर त्याची तयारी त्याच दिवशी आणि आदल्या काही दिवसांतही दिसली पाहिजे. खांद्यांची मोकळीक आणि पोटाचं बळ नसताना पाय वर गेले तर सगळा भार मानेवर येतो.

एका आसनाच्या तीन पायऱ्या

बारा माणसांची बारा शरीरं. प्रत्येकासाठी वेगळं आसन शोधायला गेलं तर वर्गाची मोट बांधता येत नाही. त्यापेक्षा निवडलेल्या प्रत्येक आसनाच्या तीन पायऱ्या वहीत लिहा : आधार घेऊन, साध्या पद्धतीनं आणि पुढची. वृक्षासन घ्या. पहिली पायरी, भिंतीला हात लावून आणि पायाची बोटं जमिनीवर टेकलेली ठेवून टाच घोट्याला लावणे. दुसरी, पाऊल पोटरीवर, गुडघ्यावर कधीही नाही. तिसरी, पाऊल मांडीच्या आतल्या बाजूला आणि हात वर. वर्गात शिकवताना सुरुवात नेहमी पहिल्या पायरीनं करा. सगळे ती करतात, मग ज्यांना जमतं ते पुढे जातात. तिसरी पायरी आधी दाखवली तर ज्याला जमत नाही त्याला मागे यावं लागतं, आणि मागे येणं कुणालाच आवडत नाही. साठीच्या काकू मग गुडघा दुखत असूनही ओढूनताणून तिसरी पायरी करतात.

आधाराच्या साधनांचं महत्त्व बी. के. एस. अय्यंगार यांनी जगाला दाखवलं. पुण्यात १९७५ साली सुरू झालेल्या त्यांच्या संस्थेतून खुर्ची, ठोकळे, पट्टे, दोर आणि उशा वापरून आजारी आणि वयस्क माणसांनाही आसनात टिकून राहता येतं, हे जगभरच्या शिक्षकांनी शिकून घेतलं. आपल्या सभागृहात एवढं साहित्य नसेल, म्हणून अडत नाही. पट्ट्याऐवजी सुती ओढणी चालते. मांडी घालताना गुडघे वर राहणाऱ्यांना घडी घातलेली सतरंजी किंवा घरातला पाट बसायला द्या, कंबर लगेच सरळ होते. वज्रासनात घोटे दुखत असतील तर त्यांच्याखाली टॉवेलची गुंडाळी. प्लास्टिकची खुर्ची मात्र तपासून घ्या. जिचे पाय फाकतात ती नको. ‘उद्या घरून एक चादर आणि एक ओढणी आणा’ हा निरोप आदल्या दिवशीच द्यायचा, म्हणजे तोही आखणीचाच भाग.

श्वासाला घाई चालत नाही

हठप्रदीपिकेत प्राणायामाची तुलना सिंह, हत्ती आणि वाघ माणसाळवण्याशी केली आहे. हे प्राणी जसे हळूहळूच वश होतात, तसाच श्वासही. घाई केली तर तो साधकालाच अपाय करतो. शेवटच्या पाच मिनिटांत कपालभाती, भस्त्रिका, अनुलोम-विलोम आणि भ्रामरी असे चार प्रकार उरकणाऱ्या शिक्षकानं हा इशारा आठवावा.

एका वर्गात प्राणायामाचा एकच प्रकार घ्या आणि तो महिनाभर टिकवा. पहिला आठवडा फक्त श्वासाकडे पाहणं आणि उच्छ्वास हळूहळू लांबवणं. दुसऱ्या आठवड्यात अनुलोम-विलोम, श्वास न रोखता, चार अंकांत श्वास आणि चार अंकांत उच्छ्वास. तिसऱ्यात ज्यांना सहज जमेल त्यांनी उच्छ्वास सहा अंकांपर्यंत न्यावा. कुंभक मोठ्या मिश्र वर्गात शिकवूच नये. तो एकेकाची तब्येत पाहून समोर बसवून शिकवायचा विषय आहे.

कपालभातीबद्दल एक गोष्ट साधकांना आवर्जून सांगा. हठप्रदीपिकेत ती प्राणायामात मोडत नाही. धौती, बस्ती, नेती, त्राटक आणि नौली यांच्याबरोबर ती षट्कर्मांत, म्हणजे शुद्धिक्रियांत येते. म्हणून तिची जागा प्राणायामाच्या आधी. ती रिकाम्या पोटीच करायची. रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, फिट्सचा त्रास किंवा गरोदरपण असलेल्यांनी करायची नाही. टीव्हीवर पाहून रोज पाचशे ठोके मारणारे साधक वर्गात येतात. त्यांना न दुखावता, पण ठामपणे वीस ठोक्यांवर आणायचं, कारण जबाबदारी आता आपली आहे.

बोलण्याचीही आखणी

कोणती आसनं घ्यायची ते लिहितो, पण ती कोणत्या शब्दांत सांगायची हे आपण ऐन वेळेवर सोडतो. तिथे अडखळलं की धीर खचतो. म्हणून दिवसाच्या मुख्य आसनाच्या सूचना अगदी वाक्य न् वाक्य लिहून काढा आणि घरी मोठ्यानं म्हणून पाहा. क्रम ठेवा : पूर्वस्थिती, श्वास, हालचाल, स्थिरता, सोडणं. “पोटावर झोपा. कपाळ जमिनीला. तळहात छातीच्या बाजूला. श्वास घेत छाती उचला. बेंबी जमिनीवरच राहू दे. इथे थांबा, श्वास चालू ठेवा. श्वास सोडत सावकाश खाली या.” छोटी वाक्यं, क्रियापदं स्पष्ट. एका वेळी एकच दुरुस्ती. तीन सूचना एकत्र दिल्या तर साधक तिन्ही विसरतो.

‘सैल सोडा’ एवढं म्हणून शरीर सैल होत नाही. ‘जबडा सैल, दातांत अंतर, जीभ खाली विसावलेली’ असं म्हटलं की होतं. समोर उभं राहून दाखवत असाल तर आरशासारखं दाखवा. ‘उजवा हात’ म्हणताना स्वतःचा डावा उचला. याचा सराव घरी करावा लागतो. आणि सगळं सांगून झालं की गप्प बसा. स्थिर राहण्याच्या वेळी शिक्षकाचं बोलणं थांबलं तरच साधकाला स्वतःचा श्वास ऐकू येतो. पतंजलींनी आसनाची व्याख्या करताना स्थैर्य आणि सुख ही दोन्ही लक्षणं सांगितली आणि प्रयत्न शिथिल होणं हा तिथवर जाण्याचा मार्ग सांगितला. तो शिथिलपणा येण्यासाठी आपल्या सूचनांमध्येही मोकळ्या जागा हव्यात.

स्पर्श करून दुरुस्ती करण्याआधी प्रत्येक वेळी विचारा. “ताई, खांद्याला हात लावू का?” एवढं पुरतं. नको म्हटलं तर शब्दांनी सांगायचं.

चार आठवडे आणि बारा महिने

रोज नवी आखणी करण्याची गरज नाही. घरच्या ताटाची मांडणी ठरलेली असते : वरण-भात, पोळी, डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी. रोज बदलते ती भाजी. वर्गाचा साचाही असाच एकदा ठरवून टाका आणि आतली मुख्य आसनं आठवड्याला बदला. पहिल्या आठवड्यात दंडस्थिती आणि तोल. दुसऱ्यात बैठकस्थिती, पुढे वाकणं आणि पीळ. तिसऱ्यात विपरीत शयनस्थिती आणि पाठीचं बळ. चौथ्यात नवं काही नाही, फक्त उजळणी. पाच दिवसांच्या आठवड्यात सोमवारी शिकवा, मंगळवारी तेच पुन्हा घ्या, बुधवारी एक पायरी वाढवा, गुरुवारी चुका सुधारा आणि शुक्रवारी फक्त आसनाचं नाव घ्या. साधकांनी स्वतः केलं की शिकवणं पोहोचलं की नाही हे कळतं, आणि घरी करण्याचा त्यांचा धीरही वाढतो.

वर्षाचा विचारही असाच. शिशिरात पूरक हालचाली १० ऐवजी १५ मिनिटं. वैशाखात, त्यातून विदर्भ-मराठवाड्यात, वर्ग लवकर घ्यायचा, दमवणारी आसनं कमी आणि शेवटी शीतली. ज्यांची जीभ गुंडाळत नाही त्यांना सीत्कारी. पावसाळ्यात फरशी ओली असते, तेव्हा उड्या आणि एका पायावरचा तोल भिंतीजवळच. श्रावण, नवरात्र, आषाढी, चतुर्थी या दिवशी अर्ध्या वर्गाला उपास असतो, म्हणून सौम्य अभ्यास. रथसप्तमीला सामूहिक सूर्यनमस्कार घालायचे असतील तर महिनाभर आधी दोन-दोन करत वाढवायचे. गणेशोत्सवात सभागृह गणपतीला जातं, तेव्हा गच्ची किंवा बाग आधीच बघून ठेवायची. घेरंडसंहितेनं प्राणायामाला सुरुवात करण्यासाठी वसंत आणि शरद हे ऋतू सांगितले आहेत. नवा प्राणायामाचा वर्ग त्या सुमारास उघडणं उत्तम.

संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २०१४ मध्ये २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन ठरवला आणि २०१५ पासून तो साजरा होतो. त्या दिवशीच्या ठरलेल्या ४५ मिनिटांच्या अभ्यासक्रमात पुष्कळ जण पहिल्यांदाच सतरंजीवर येतात. त्यांच्यासाठी जुलैच्या पहिल्या आठवड्यात प्राथमिक वर्ग ठेवा आणि त्याच दिवशी तिथे जाहीर करा. नाहीतर तो उत्साह २२ तारखेलाच ओसरतो.

ऐन वेळी

चांगली आखणी मोडता येईल अशी असते. म्हणून वहीच्या उजव्या बाजूला तीन ओळी ठेवा. वेळ कमी पडला तर काय गाळायचं? आसनांपैकी दोन, शवासन कधीच नाही. नवे लोक जास्त आले तर? सगळ्यांची पहिली पायरी. वेळ उरला तर? कालचं एक आसन पुन्हा. वीज गेली, पंखा बंद पडला, पावसानं चारच जण आले, तरी याच ओळी कामी येतात. चारच जण असले की प्रत्येकाकडे नीट बघायला वेळ मिळतो, तो वाया घालवू नका.

कुणाला चक्कर आली तर लगेच आडवं करून पाय थोडे उंच ठेवा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशीपोटी आलेल्याला घाम फुटला, हात थरथरले किंवा बोलणं असंबद्ध वाटलं, तर साखर उतरल्याचा संशय घ्या. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर साखर किंवा ग्लुकोज द्या. म्हणून ग्लुकोजचा पुडा पिशवीत कायम असावा. छातीत दुखणं, धाप, एका बाजूची कमजोरी यांत वाट पाहायची नाही, १०८ ला फोन करायचा. साधकानं आजाराबद्दल विचारलं आणि उत्तर ठाऊक नसलं तर “हे तुमच्या डॉक्टरांना विचारून मला सांगा, तोवर हे आसन नको” असं म्हणावं. असं म्हणणाऱ्या शिक्षकावर विश्वास वाढतो.

वही कधी लिहायची

लोणावळ्यात १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी योगक्रियांचे शरीरावर होणारे परिणाम प्रयोगशाळेत तपासायला घेतले आणि ‘योगमीमांसा’ या त्रैमासिकातून नोंदी मांडल्या. आपल्याकडे प्रयोगशाळा नसते. आपल्याकडे वर्ग असतो आणि बघायला डोळे असतात. त्यांचा उपयोग करायची सर्वांत चांगली वेळ म्हणजे शवासनाची आठ मिनिटं. या वेळात फोन पाहू नका, पुढच्या कामाचा विचारही करू नका. भिंतीला टेकून बसा आणि एकेकाकडे बघा. कुणाची कंबर जमिनीपासून उचललेली राहते? कुणाची बोटं अजून मिटलेली आहेत? सोमवारी छातीच्या वरच्या भागात चालणारा कुणाचा श्वास आज पोटापर्यंत उतरलाय?

वर्ग संपला की घरी जाण्याआधी तिथेच तीन ओळी लिहा. काय नीट झालं, कुठे वेळ गेला, कुणासाठी काय बदलायचं. उदाहरणार्थ : ‘एकपाद शलभासन सर्वांना जमलं. वीरभद्रासनाला दोन मिनिटं जास्त लागली. खिडकीजवळच्या काकूंच्या कमरेखाली उद्या घडी घातलेली चादर.’ शेवटची ओळ लिहिताना उद्याच्या वर्गाचा हेतू सुचलेला असतो. रात्री दहा वाजता वही उघडावी लागली तर ती फक्त वाचण्यासाठी.